न चाखलेला रस्सा

"काल संध्याकाळी पायात होती ना चप्पल? मग पायालाच विचार," गोजराबाई स्टोव्हला पंप मारता मारता म्हणाल्या.

"पायाला कचेरी गाठायचीय आई. उत्तरं द्यायला वेळ नाही त्याला," खाटेखाली डोकं घातलेली कौशल्या तिथूनच ओरडली.

राजाजीनगरातल्या त्या दोन खोल्यांत माणसं दोनच, आई आणि लेक. पण सकाळी निघायच्या वेळी गलका दहा माणसांचा. कौशल्या मॅजेस्टिकजवळ एका कचेरीत टायपिस्ट होती. गोजराबाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाकाला होत्या. दोघींची बस एकच, आणि ती दोघींपैकी कुणासाठीही थांबत नसे.

चप्पल तांदळाच्या डब्यामागे सापडली. ती तिथे कशी गेली यावर आता वाद सुरू होणार, तेवढ्यात दार वाजलं. कडी नव्हे, काठी वाजली. हाताने कडी वाजवणारी माणसं वेगळी आणि काठीने दार ठोकणारी वेगळी. गोजराबाईंनी स्टोव्ह बंद केला आणि पदर डोक्यावर घेतला.

"दोड्डप्पा आलेत," कौशल्या कुजबुजली. थोरल्या काकांना ती इथल्या रीतीने दोड्डप्पा म्हणे.

विठोजीराव आत आले. गोजराबाईंचे थोरले दीर. म्हैसूर संस्थानच्या घोडदळातून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी खुर्चीवर बसताना अजून रिकिबीत पाय असल्यासारखे बसत. बेंगळूरच्या जुन्या पेटेतलं, म्हणजे पेठेतलं, सहा बिऱ्हाडांचं घर त्यांच्या शब्दावर चाले. राजाजीनगरातलं हे एक बिऱ्हाड तेवढं त्यांच्या शब्दावर चालत नसे, आणि ते त्यांना दातात अडकलेल्या तंतूसारखं सलत असे.

"जयसिंगराव आणि त्यांच्या मंडळी काल रात्री बेंगळूरला आल्यात," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या गाडीनं दोड्डबळ्ळापूरला परत. आज संध्याकाळी इथं जेवायला येणार. मुलगी त्यांना पसंत आहे, शेवटचा शब्द आज देणार म्हणालेत."

कौशल्या लाजली नाही. तिने चपलेचा बंद घट्ट केला. रघुपती, म्हणजे जयसिंगरावांचा मुलगा, तिने पाहिला होता. वीजखात्यात ओव्हरसियर होता, आणि पाहायला आला तेव्हा कांदेपोहे खाऊन स्वतःची बशी स्वतः उचलून आत ठेवायला निघाला होता. त्या एका गोष्टीवर तिने मनातल्या मनात होकार देऊन टाकला होता.

"आज? अण्णा, मी पाळीवरून यायला साडेचार वाजतात. ही येते सहाला. पुरणावरणाचं काही जमणार नाही हो," गोजराबाई म्हणाल्या.

"पुरण मागतंय कोण? तुझी ती कोंबडी-शाविगे कर. त्यांनी होऊन मागितलीय. पार दोड्डबळ्ळापूरपर्यंत वास गेलाय तिचा." विठोजीरावांना हसू येत होतं, ते त्यांनी मिशीत अडवलं. "आणि हे बघ, वाढायला कौशल्या येईल. शुभ बोलणं आहे. तू आतच बरी."

"सरी, तसंच करते," गोजराबाई म्हणाल्या.

ही कोंबडी-शाविगे काय चीज आहे ते सांगायला हवं. शाविगे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, दोऱ्यासारख्या बारीक. आपल्याकडे शेवया म्हटलं की दूध-गूळ आठवतो, पण बेंगळूरच्या मराठा घरांतून त्या रस्स्याबरोबर खातात आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पेटेतल्या घरी हा थाट रविवारचा. दोघी बायकांनी सोऱ्यावर लोंबकळून शेवया पाडायच्या, तिसरीने नारळ खवायचा, चौथीने खसखस वाटायची, आणि जेवायला दुपारचे तीन.

गोजराबाई राजाजीनगरात आल्या तेव्हा त्यांच्याजवळ ना दुसरी बाई होती ना तिसरी. शाळकरी लेक होती, आणि पाळीवरून आल्यावर ती विचारी, "आई, पटकन काय होईल?" मग त्यांनी रविवारी गच्चीवर शाविगे वाळवून ठेवायला सुरुवात केली. संध्याकाळी कढत पाण्यात टाकल्या की झाल्या. नारळाचं काम त्यांनी शेंगदाण्यावर सोपवलं. कार्तिकात बसवनगुडीला भुईमुगाची जत्रा भरते, तिथून पोतंभर शेंगा आणायच्या आणि वर्षभर पुरवायच्या. दाणे खरपूस भाजायचे, ब्याडगी मिरची, धणे, लसूण घालून रगड्यावर लोण्यासारखे वाटायचे आणि कोंबडी शिजत आली की सोडायचे. पाऊण तासात जेवण. विठोजीराव पहिल्यांदा नाक मुरडत जेवले होते. तिसऱ्यांदा वाढा म्हणाले, तेव्हा नाक जागेवर आलं होतं. पुढे भाऊबंदांत त्याची ख्याती झाली.

आणि तो रस्सा गोजराबाईंनी स्वतः एकदाही चाखलेला नव्हता.

त्यांचे यजमान उमाजी विषमज्वराने गेले, त्याला दहा वर्षं होत आली होती. तेराव्यानंतर सासूबाईंनी सांगितलं, की या घराण्यात विधवेच्या तोंडी मांस-मच्छी जात नाही. गोजराबाईंचं माहेर होसकोटेचं. त्यांची विधवा मावशी म्हातारपणापर्यंत हाडं फोडून खात होती आणि वर गाणीही म्हणत होती.

"आमच्याकडे असं काही नाही," गोजराबाईंनी सांगून पाहिलं.

"ते तुमच्याकडे," विठोजीराव म्हणाले.

दोन महिन्यांनी गोजराबाईंनी कँटीनची नोकरी धरली आणि लेकीला घेऊन राजाजीनगर गाठलं, तेव्हा पेटेत भूकंप झाला. शेवटी विठोजीराव एका अटीवर नमले. "जा. पोरीच्या कन्यादानाला मी उभा राहीन, बापाची उणीव भासू देणार नाही. पण घराण्याचा नेम मोडलास असं कानावर आलं, तर माझं पाऊल तुझ्या मांडवात पडणार नाही. मग लोकांना काय सांगायचं ते तू सांग."

गोजराबाईंनी कबूल केलं. नुसतं कबूल केलं नाही, पाळलं. कँटीनमध्ये मटणाच्या पातेल्यांपुढे त्या दिवसभर उभ्या असत. तिथे कोण बघायला येणार होतं? बरोबरीच्या बायका म्हणत, "अक्का, एक तुकडा टाक तोंडात, देवाला कळणार नाही." त्या म्हणत, "मला कळेल की. चोरून खायचं ते मांजरीनं. मी खाईन तर मांडी घालून खाईन, नाहीतर नाही." आणि स्वतःच्या डब्यातला सारभात उघडत.

तर मग रस्स्याचं मीठ कसं समजे? कौशल्या होती ना. आई तिच्या तळहातावर थेंब टाके, ती चाटे आणि निकाल देई: "स्वल्प कमी," नाहीतर "बरोबर." लेकीच्या जिभेवर आईचा स्वयंपाक चाले.

त्या संध्याकाळी पाळी सुटल्यावर गोजराबाई देवाप्पाच्या दुकानी थांबल्या. कोंबड्यांच्या खुराड्यांपुढे देवाप्पा सुरा परजत बसला होता.

"तलंग दे, कोवळी. म्हातारी दिलीस तर रात्रभर शिजत बसेल आणि उद्या मी तुला शिजवीन."

"बुधवारी कोंबडी, अक्का? पाहुणे?"

"व्याही होतील असे पाहुणे."

"मग दोन तंगड्या जास्त घालू?"

"घाल की. कोंबडीला चार पाय असतात हे त्यांनाही कळू दे."

घरी येऊन त्यांनी पदर खोचला. दाणे भाजले, सुपात पाखडले. सालं अंगणभर उडाली. कांदा तेलात गुलाबी झाला, त्यावर आलं-लसूण, हळद, मग लहान तुकडे केलेली कोंबडी. पाणी बेताचं. रगड्यावर वाटण फिरू लागलं तेव्हा बाहेर ऊन उतरत होतं. वाटण सोडल्यावर मात्र पातेल्याजवळून हलायची सोय नसते. शेंगदाणा फार मानी, पाठ फिरवली की बुडाला लागतो. त्या ढवळत राहिल्या. कडेला लाल तवंग सुटला. मीठ अंदाजाने टाकलं. आता कौशल्या आली की झालं.

कौशल्या आली नाही. सहा वाजून गेले. रस्त्यावर बसचा आवाज झाला, बस थांबली, निघून गेली, आणि वळणावर कुणी दिसलं नाही. त्याऐवजी एक जटका खडखडत आला आणि दाराशी उभा राहिला. घोडा फुरफुरला. विठोजीरावांचा आवाज आला, "या, या, पायरी जपून."

विठोजीराव आत डोकावले. "कौशल्या कुठाय?"

"बस चुकली असेल. येईल आता."

"झालंय ना सगळं? त्यांना परत पेटेत मुक्कामाला जायचंय. फार थांबवता येणार नाही."

"बसवा पानांवर. होतंच आहे."

ते बाहेर गेले. गोजराबाई पातेल्यापुढे उभ्या राहिल्या. शेजारणीला बोलवावं तर ती सोवळ्यातली. कँटीनच्या स्वयंपाकाचं एक वेळ चालून गेलं असतं, तिथे सगळं मापानं. इथे लेकीचं लग्न पानात वाढायचं होतं. मीठ नवीन पुड्यातलं, कमी लागलं तर हसं, जास्त झालं तर त्याहून मोठं हसं. त्यांनी वास घेतला. वासाने मीठ कुणाला कळलंय?

त्यांनी पळीतून चार थेंब तळहातावर घेतले. क्षणभर तो हात तसाच धरला, जणू तो कौशल्येचा आहे आणि चाटून ती निकाल देणार आहे. मग त्यांनी तो आपल्याच तोंडाला लावला.

मीठ बरोबर होतं. पण दुसरीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. रस्स्याला आंबटपणाच नव्हता. भाजलेल्या दाण्याचा जडपणा, मिरचीचा ताव, सगळं होतं, आणि ते उचलायला काहीच नाही. एवढी वर्षं लोक बोटं चाटत होते, वाखाणत होते, आणि एकालाही हे सांगता आलं नव्हतं! बिचाऱ्या कौशल्येला विचारलं होतं ते फक्त मिठाचं. गोजराबाईंना राग आला, कुणाचा ते कळेना. त्यांनी चिंच कोळली, चमचाभर घातली. उकळी आली. पुन्हा चाखलं. आणखी अर्धा चमचा, आणि बोटभर गूळ. पुन्हा चाखलं, आणि यावेळी गरज म्हणून नव्हे.

आता तो त्यांचा रस्सा होता.

बाहेरच्या खोलीत केळीची पानं मांडली होती. जयसिंगराव ऐसपैस, बोलके गृहस्थ. त्यांच्या पत्नी सोयराबाई किडकिडीत, कमी बोलणाऱ्या, पण डोळे सगळीकडे फिरणारे. वाढायला कुणी नाही, आणि विधवेने शुभ पंगतीत यायचं नाही, तेव्हा विठोजीरावांनी स्वतःच पातेलं उचललं. घोड्याचा लगाम धरलेला हात तो. त्याला पळी काय ठाऊक? शाविगेचा ढीग जयसिंगरावांच्या पानावर असा पडला की अर्धा पाटावर गेला. रस्सा सोयराबाईंच्या पानावरून निघून जमिनीवर चालू लागला.

"वाढप म्हणजे स्वारी नव्हे, विठोजीराव," जयसिंगराव हसले. "जरा दमानं."

दाराआड उभ्या असलेल्या गोजराबाईंनी ओठ दाबून धरले.

पहिला घास गेला आणि जयसिंगराव बोलायचे थांबले. दुसरा गेला. तिसऱ्याला त्यांनी डोळे मिटले. "अहाहा. ऐकलं होतं त्याच्या दुप्पट आहे हे."

"मी मागे खाल्ली होती तेव्हा असा वास नव्हता," विठोजीराव स्वतःशीच म्हणाले, पण कौतुक दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर त्यांची छाती फुगली. "आणि एक सांगतो, जयसिंगराव. घरात दहा वर्षं ही कोंबडी शिजतेय, पण बनवणारीनं थेंब जिभेला लावलेला नाही. आमच्या घराण्याचा नेम! आजही नाही. अशा घरची मुलगी तुमच्याकडे येतेय."

सोयराबाईंनी हात थांबवला. "न चाखता?"

"न चाखता."

"मग चिंच-गूळ इतकं बरोबर कसं पडलं हो?"

"अंदाज! संस्कार! दुसरं काय?"

गोजराबाई दाराआड ऐकत होत्या. गप्प राहणं सोपं होतं. लेकीचं ठरलं असतं, विठोजीराव मांडवात उभे राहिले असते, लोकांनी अंदाजाचं नि संस्काराचं कौतुक केलं असतं. पण आपण आज चाखलं आणि बाहेर हा माणूस छातीवर हात ठेवून 'आजही नाही' म्हणतोय. आता गप्प बसणं म्हणजे दहा वर्षं ज्या मांजरीला हिणवलं तिच्या पंगतीला जाऊन बसणं.

त्या बाहेर आल्या.

"चाखलं म्हणून," त्या म्हणाल्या.

पाहुण्यांचे हात पानांवर तसेच राहिले. तेवढ्यात कौशल्या धापा टाकत दारात आली, चप्पल हातात, बंद तुटलेला. "आई, बस मध्येच बंद पडली, मी मल्लेश्वरमपासून चालत..." आणि आतला नूर पाहून तिथेच थबकली.

"गोजरा, आत जा," विठोजीराव दबक्या आवाजात म्हणाले.

"जाते. बोलून जाते. अण्णा, तुम्ही पाहुण्यांना खोटं सांगितलंत. तुमचा दोष नाही, तुम्हाला माहीत नव्हतं. आज ही वेळेवर आली नाही, मीठ बघायला कुणी नव्हतं, मी चाखलं. मीठ बघायला एकदा. चिंच बघायला एकदा. त्यानंतर एकदा आवडलं म्हणून."

"शब्द दिला होतास तू मला!"

"दिला होता. पाळलाही. आज मोडला, आणि तुमच्या तोंडावर सांगून मोडला. कानावर यायची वाट बघायला नको म्हणून."

"मग मीही माझा शब्द मोडला समज. कन्यादानाला दुसरा कुणी शोध."

कौशल्येच्या हातातली चप्पल खाली पडली. गोजराबाईंनी तिच्याकडे पाहिलं. लेकीचं तोंड पांढरं पडलं होतं, पण तिने मान हलवली नाही, 'आई, गप्प बस' अशी खूण केली नाही. उलट ती दारातून आत आली आणि आईच्या शेजारी उभी राहिली.

"शोधते," गोजराबाई म्हणाल्या. "नाही मिळाला तर मी देईन. मी वाढवलीय, मीच दिली तर कुठं बिघडलं? यांना चालत नसेल तर यांनी आत्ताच सांगावं. जेवण अर्धवट सोडू नये मात्र, कोंबडीनं काही केलं नाही."

जयसिंगरावांनी बायकोकडे पाहिलं. अवघड प्रसंगी त्यांची बोलकी जीभ नेमकी रजेवर जाई.

सोयराबाई खाली बघून शाविगे कालवत होत्या. "आमच्याकडे माझी नणंद असते," त्या सावकाश म्हणाल्या. "ती पण गेली कितीतरी वर्षं असंच पाळते. मटण तीच करते. कधी खारट, कधी अळणी. आम्ही तिच्यावर ओरडतो. आमचे हे ताटावरून उठतात." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "सगळ्यांनी तिला वेंधळी ठरवलंय. ती चव न बघता कशी करत असेल, हे आजपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नाही."

"त्याचा इथं काय संबंध?" विठोजीराव म्हणाले, पण आवाजातला घोडा जरा थकला होता.

"संबंध एवढाच, की मुलगी आम्हाला पसंत होती, ती आहे. हे काय म्हणतात ते हे सांगतील."

"मला... पसंत आहेच की," जयसिंगराव घाईने म्हणाले. "पण विठोजीराव, तुमच्याशिवाय मांडव म्हणजे..."

"ते त्यांचं त्यांनी बघावं," सोयराबाई म्हणाल्या. "रस्सा वाढा हो थोडा."

विठोजीराव पळी हातात घेऊन मधोमध उभे होते. वाढावं तर हार, ठेवावी तर पाहुणे उपाशी. त्यांच्या आयुष्यात असा पेच कुठल्या कवायतीत शिकवला नव्हता. शेवटी त्यांनी सोयराबाईंच्या पानावर रस्सा वाढला. या वेळी तो पानाबाहेर गेला नाही.

गोजराबाई आत गेल्या. कौशल्येला वाटलं, आईचं बोलून झालं. पण त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात धुतलेलं केळीचं एक पान होतं. सोयराबाईंच्या शेजारी जागा होती तिथे त्यांनी पाट सरकवला, पान मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं, आणि मांडी घालून बसल्या.

"आई, थांब, मी वाढते," कौशल्या पुढे झाली.

"तू राहू दे."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मान वर करून थोरल्या दिरांकडे सरळ पाहिलं. लग्न होऊन या घराण्यात आल्यापासून त्यांच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"अण्णा," त्या म्हणाल्या, "मला वाढा. शाविगे थोडी, रस्सा जास्त, आणि कोंबडीचा एक तुकडा."